परवाना मालकाचा, पुरावा पहारेकऱ्याचा

मोठं बांधकाम येणार अशी बातमी लागली की त्या भागात तीन धंदे सर्वांत आधी पोहोचतात: खडी-मुरूमाची वाहतूक, जेवणाचे डबे आणि सिक्युरिटी एजन्सी. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र अवकाशातली थरथर मोजेल. तोवर जमिनीवर सिमेंट, लोखंड, केबल आणि यंत्रं येत राहतील आणि त्यांच्या राखणीला माणसं लागतील. तालुक्यातल्या एखाद्या होतकरू तरुणाला एजन्सी काढावीशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही.

गैर आहे तो त्याला मिळणारा सल्ला. शॉप अ‍ॅक्ट काढ, उद्यमचं प्रमाणपत्र घे, जीएसटी नंबर काढ, झाली एजन्सी. गृह विभागाच्या परवान्याचं, म्हणजे धंद्यात ज्याला ‘पसारा लायसन्स’ म्हणतात त्याचं, काय? ते मोठ्या कंपन्यांचं काम; टेंडर भरायची वेळ आली तर बघू, नाहीतर कुणाच्या तरी लायसन्सखाली काम करू. हा सल्ला चहाच्या टपरीवरच मिळतो असं नाही. हिशेब तपासणारे, कागदपत्रं करून देणारे, चार पुस्तकं वाचलेले लोकही तोच देतात. २००५ चा खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम म्हणजे परमिट राजचं उरलेलं शेपूट, अशी त्यांची समजूत आहे.

या समजुतीला वजनदार आधार आहे, तो नाकारून खंडन करण्यात अर्थ नाही. शेतकरी नेते शरद जोशी यांनी मराठवाड्यातल्या एका पिढीला खुल्या व्यवस्थेची भाषा शिकवली. दोन शहाणी माणसं आपखुशीने सौदा करत असतील तर मध्ये सरकारने का यावं, हा प्रश्न त्या पिढीला कापसाच्या भावावरून पडला आणि तो रास्तच होता. हाच प्रश्न आता सुरक्षा धंद्याला लावला जातो. गोदामवाल्याला राखण हवी, एजन्सीवाल्याकडे माणसं आहेत, दर ठरला. यात नियंत्रक प्राधिकारी नावाचा गृह विभागाचा अधिकारी कशाला हवा? शिवाय परवाना असलेल्या एजन्सीचा रक्षकही ड्युटीवर झोपतो, चोरी करतो. मग परवान्याने साधलं काय? मोठ्यांना कागद जमतात आणि लहान मागे पडतो, एवढंच. पूर्वपक्ष असा आहे, आणि तो दुबळा नाही.

पण त्याचा पायाच चुकीच्या जागी घातलेला आहे. सुरक्षेचा सौदा कधीच दोघांचा नसतो. गोदामवाला पैसे देतो, एजन्सी माणूस देते, आणि तो माणूस ज्याला अडवतो तो तिसराच असतो. त्याने कुठल्याही करारावर सही केलेली नसते. फाटकावर अडवलेला मजूर, दवाखान्याच्या दारात हटकलेली बाई, रांगेतून मागे ढकललेला भाविक यांच्यासाठी कापसाच्या सौद्याची उपमा चालत नाही. औंढ्याच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरलं, ही या गावाची सर्वांत लाडकी कथा दारात अडवलेल्या माणसाचीच आहे. प्रत्येक अडवलेल्यासाठी देऊळ फिरत नाही, म्हणून कायदा लागतो.

आता त्या अडवणाऱ्या रक्षकाच्या हाती कायद्याने किती अधिकार आहे ते पाहा: तुमच्या-माझ्याइतकाच. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणताही खाजगी माणूस आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, तोही सगळ्यांना आहे. रक्षकाला झडतीचा, चौकशीचा किंवा कोंडून ठेवण्याचा कोणताही जादा अधिकार नाही. अधिकार साध्या नागरिकाचा आणि रूप पोलिसाचं, ही या पेशाची मूळ अडचण आहे. म्हणूनच २००५ च्या कायद्याचं कलम २१ सैन्याचा किंवा पोलिसाचा गणवेश, किंवा तसा भासणारा पोशाख घालणाऱ्या रक्षकाला आणि त्याच्याबरोबर एजन्सीच्या मालकालाही वर्षभरापर्यंतची कैद सांगतं.

मराठवाड्याने या कलमामागचं भय पुस्तकातून शिकलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या मुलखात सावकार आणि जमीनदार अरब-रोहिल्यांच्या टोळ्या पगारी ठेवत. नाव राखणीचं होतं, काम वसुलीचं आणि दहशतीचं. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाला राज्याची घडी बसवताना आधी या टोळ्यांच्या जमादारांची सत्ता मोडावी लागली. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी हिंगोलीत होती, म्हणजे सरकारी बंदूक हाकेच्या अंतरावर होती, तरी खाजगी बंदुकीचा धाक गावोगाव होताच. पुढे १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या रूपाने गणवेशातल्या खाजगी दलाचं टोक या प्रदेशाने पाहिलं. औंढ्यातल्या एखाद्या एटीएमसमोर स्टुलावर बसलेल्या गरीब रक्षकाची या दलांशी तुलना करणं हास्यास्पद ठरेल, आणि मी ती करतही नाही. मुद्दा एवढाच की भाड्याने मिळणारं बळ कुणाचं, त्याच्या मागे कोण आहे आणि त्याने आगळीक केली तर जाब कुणाला विचारायचा, हे लिहून ठेवण्याची गरज इथल्या इतिहासानेच पटवून दिलेली आहे. परमिट राजचा जन्म त्यानंतरचा.

राहिला लहान माणसाच्या अडचणीचा मुद्दा. हा मुद्दा मांडणाऱ्या बहुतेकांनी कायदा उघडून पाहिलेला नसतो. पाहिला असता तर कलम ७ मध्ये त्यांना फीच्या तीन पायऱ्या दिसल्या असत्या. एका जिल्ह्यापुरतं काम करायचं तर ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि सगळ्या राज्यासाठी २५,०००. परवाना पाच वर्षांचा. म्हणजे हिंगोली जिल्ह्यापुरती एजन्सी चालवणाऱ्याला वर्षाला हजार रुपये पडतात. किमान भांडवलाची अट कायद्यात नाही. इतके रक्षक हवेत, इतकी उलाढाल हवी, असंही कुठे लिहिलेलं नाही. स्वतःची प्रशिक्षण संस्था काढायलाही कुणी सांगत नाही. मान्यताप्राप्त संस्थेशी करार केला तरी चालतं. अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: कलम ६ मधली अपात्रता मला लागू नाही, मी प्रशिक्षणाची आणि परवान्याच्या अटींची पूर्तता करीन, माझ्यावर कुठे गुन्हे दाखल असतील तर ते हे. पोलिसांचा ना-हरकत दाखला येतो आणि अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. लहान एजन्सी नको असती तर संसदेने एका जिल्ह्याची पायरी ठेवलीच नसती.

मग हा कायदा कुणाला बाहेर ठेवतो? कंपनी काढताना किंवा चालवताना फसवणूक केलेल्याला, दोन वर्षांहून कमी नाही अशा शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असलेल्याला आणि गैरवर्तनावरून सरकारी नोकरीतून काढलेल्याला. शेवटचा गट लक्षात घ्या. खात्यातून हाकललेला माणूस ‘माझी खात्यात ओळख आहे’ एवढ्या भांडवलावर एजन्सी उघडतो, हा प्रकार रोखणारी दुसरी तरतूद ना शॉप अ‍ॅक्टमध्ये आहे ना जीएसटीत. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या नव्या दुकाने-आस्थापना कायद्यात नुसती सूचना पाठवली की भागतं, आणि ते योग्यच आहे. दुकान उघडणाऱ्याचा पूर्वेतिहास विचारण्याचं त्या कायद्याला कारणच नाही.

एक कुत्सित प्रश्न नेहमी ऐकू येतो: मग काय हळदीच्या ढिगावर झोपणाऱ्या राखणदारालाही परवाना लागणार? नाही लागणार. कायदा दुसऱ्यांना रक्षक पुरवण्याचा किंवा रक्षकांना प्रशिक्षण देण्याचा धंदा करणाऱ्यांना लागू आहे. शेतकऱ्याने, सोसायटीने, दुकानदाराने आपल्या पदरी ठेवलेला माणूस एजन्सी होत नाही. आणि जाचाचीच तुलना करायची तर जरा बाहेर पाहा. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्याने सिक्युरिटी इंडस्ट्री अ‍ॅथॉरिटी स्थापन झाली, आणि तिथे कंत्राटावर काम करणाऱ्या प्रत्येक रक्षकाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या २००१ च्याच कायद्याखाली, कंपनी आणि रक्षक दोघांनाही नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे परवाना फक्त एजन्सीचा. पहारेकऱ्याच्या खिशातून एक रुपया जात नाही. गरीब मुलांचा देश म्हणून आपण हलकी वाट निवडली, आणि तिलाच लोखंडी दार म्हणून बदनाम केलं.

‘वॉचमनला शिकवायचं काय?’ या प्रश्नाचं उत्तर केंद्राच्या नमुना नियमांत आहे. वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष मैदानावर ६० तास, किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी हेच ४० आणि १६ तासांवर येतं. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. तिथून निवृत्त होणाऱ्या माणसांसाठी पर्यवेक्षकाचं काम जणू मापाने शिवलेलं आहे, आणि कायदाही त्यांना प्राधान्य देतो. अभ्यासक्रमात आग विझवणं, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, एफआयआर कसा नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क कुठपर्यंत, आणि गर्दीचं नियंत्रण हे विषय आहेत. हा शेवटचा विषय औंढ्यात बसून क्षुल्लक म्हणणाऱ्याने नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरून यावं. लिंग जमिनीच्या पोटात आहे, वाट अरुंद आहे, उतरताना अंग आवरून घ्यावं लागतं. महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी अशा वाटेच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाने, मग तो पोलीस असो, सेवेकरी असो की एजन्सीचा रक्षक, रांग कधी थांबवायची आणि कधी सोडायची हे नीट ठरवणं म्हणजे जिवांचा प्रश्न असतो. २५ जानेवारी २००५ ला साताऱ्यातल्या मांढरदेवीच्या चढावर चेंगराचेंगरी आणि आगीत तीनशेच्या आसपास भाविक गेले. सुरक्षा एजन्सींचा कायदा संसदेने केला तो त्याच वर्षी. दोन्हींचा कार्यकारण संबंध नाही. पण गर्दीत काय करायचं हे शिकवायची गरज नाही असं म्हणणाऱ्याला ते वर्ष तरी आठवावं.

प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं विकत मिळतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वाहनाचं लायसन्स विकत मिळतं म्हणून वाहन चालवायला शिकू नये, असं कुणी म्हणत नाही. खोट्या कागदावरचा उपाय कागद तपासणं हा आहे. परवानाधारक एजन्सीचा रक्षकही गुन्हा करतो, हेही मान्य. २०१२ मध्ये मुंबईत वडाळ्यात एका तरुण वकील महिलेचा खून तिच्याच इमारतीच्या वॉचमनने केला आणि २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. असा माणूस कोणत्याही चाळणीतून निसटू शकतो. पण चाळणीच नसेल तर तो कुणी पाठवला, त्याची पडताळणी कुणी केली आणि पुढच्या इमारतीत असाच माणूस पाठवण्यापासून त्या एजन्सीला कोण रोखणार, याचं उत्तर कुणाकडेच उरत नाही. कलम १३ मध्ये, रक्षकांच्या घोर निष्काळजीपणाचे किंवा विश्वासघाताचे प्रकार वारंवार घडले तर एजन्सीचा परवाना रद्द करता येतो. जो परवाना कधी घेतलाच नाही, तो रद्द कसा करणार?

इथवर बोललो ते अडवलेल्या माणसाबद्दल. परंतु या कायद्याचा सर्वांत मोठा लाभार्थी दुसराच आहे, आणि त्याचं नाव या वादात जवळजवळ कुणीच घेत नाही. तो म्हणजे खुद्द पहारेकरी.

कलम १५ पाहा. एजन्सीने नोंदवही ठेवायची आहे आणि तिच्यात प्रत्येक रक्षकाचं नाव, पत्ता, फोटो आणि पगार लिहायचा आहे. पगार हा शब्द कायद्यातच आहे. शिवाय कोणत्या ग्राहकाला सेवा दिली त्याचंही नाव आणि पत्ता. कलम १७ नुसार प्रत्येक रक्षकाला फोटोसह ओळखपत्र द्यायचं आहे. ज्याने कधी बारा तासांची ड्युटी आठ तासांच्या पैशांत केली आहे, ज्याचा पगार तीन महिने अडकला आहे आणि मालक म्हणतो ‘तू आमच्याकडे होतास याचा पुरावा काय?’, त्याला या दोन कलमांची किंमत विचारा. औंढ्याचा मुलगा पुण्यात किंवा संभाजीनगरात साइटवर उभा असतो. त्याच्याकडे नेमणूकपत्र नसतं, पगार कधी रोख मिळतो तर कधी सुपरवायझरच्या फोनवरून. एजन्सी बोर्ड बदलते आणि त्याची दोन वर्षांची नोकरी हवेत विरते.

कलम १३ मधली परवाना रद्द करण्याची कारणं नीट वाचली तर आणखी एक गोष्ट सापडते. कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात वेतन प्रदान, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, समान मोबदला, कंत्राटी कामगार असे कामगार कायदे आहेत आणि त्यांचा भंग हे परवाना जाण्याचं कारण आहे. कामगार संहितांमुळे जुन्या कायद्यांची नावं बदलली तरी कलमाचा रोख बदलत नाही. किमान वेतन बुडवल्याबद्दलचा दंड एजन्सीवाला खर्चाच्या यादीत टाकून मोकळा होतो. धंदाच बंद पडेल ही भीती मात्र त्या यादीत मावत नाही. रक्षकाच्या पगाराला मालकाच्या परवान्याशी बांधणारी ही गाठ फार मोलाची आहे. परवाना नसलेल्या एजन्सीत काम करणारा मुलगा ती गाठच गमावून बसतो. ‘लायसन्सची कटकट नको’ असं मालक म्हणतो, तेव्हा वाचते ती मालकाची कटकट. हरवतो तो रक्षकाचा जाब विचारण्याचा मार्ग.

महाराष्ट्रात याला जुनी जोड आहे. मोंढ्यातल्या हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ, हजेरी आणि हक्काचा पैसा दिला. त्याच धर्तीवर १९८१ मध्ये राज्याने खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम केला आणि सुरक्षा रक्षक मंडळं आणली. कारखान्याचे किंवा आस्थापनेचे थेट नियमित कर्मचारी नसलेल्या रक्षकांसाठी तो आहे. इथेही गोंधळ होतो. मंडळाचं काम झालं म्हणजे गृह विभागाचा परवाना नको, असं काहीजण समजतात, आणि काहीजण नेमकं उलट. १९८१ चा कायदा कामगार विभागाचा आहे आणि रक्षकाला काय मिळतं हे तो विचारतो. २००५ चा गृह विभागाचा, आणि रक्षक पाठवणारा तू कोण, हा त्याचा प्रश्न. एका प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणून दुसरा माफ होत नाही.

आता प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. कायद्यात ६० दिवस लिहिले आहेत, पण अर्ज पडून राहिला तर काय? कलम १४ मध्ये परवाना नाकारल्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत गृहसचिवांकडे अपील करता येतं. आदेशच आला नाही तर? त्या मौनाविरुद्ध कलमात शब्द नाही. उरतो तो उच्च न्यायालयाचा रस्ता, आणि पाच हजारांची फी भरणाऱ्या तरुणाला तो परवडत नाही. दलाल याच फटीत बसलेला असतो. लोकांना जी चीड येते ती या फटीची, आणि नाव मात्र नोंदणीचं घेतलं जातं. दुसरा दोष ग्राहकाचा. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देणारी सरकारी, निमसरकारी निविदा आधी किमान वेतनाच्या खाली उतरायला भाग पाडते आणि मग परवान्याची प्रत मागते. अशा कार्यालयांनी एजन्सीला कायदा शिकवू नये.

पण या दोन्ही दोषांवर औषध कायद्याबाहेर शोधायची गरज नाही. कलम १९ राज्य सरकारला नियंत्रक प्राधिकाऱ्याचे अधिकार अधिसूचनेने हाताखालच्या अधिकाऱ्याला देण्याची मुभा देतं. संसदेने एका जिल्ह्यासाठी वेगळी फी ठेवलीच आहे, तर एका जिल्ह्याच्या अर्जाचा निर्णय त्याच जिल्ह्यात का होऊ नये? पोलिसांचा दाखला हिंगोलीतूनच जाणार, रक्षक हिंगोलीचे, साइट औंढ्याची. जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याला हे अधिकार द्यावेत आणि ६० दिवसांत उत्तर गेलं नाही तर कारण लेखी कळवण्याचं बंधन घालावं. लायगोच्या निमित्ताने या तालुक्यात पैसा उतरणार असेल, तर लोकप्रतिनिधींनी ठेक्यांसाठी शिफारसपत्रं देण्यापेक्षा ही एक अधिसूचना मागून घ्यावी. स्थानिक तरुणाला त्याहून मोठी मदत नाही.

परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर कलम २० नुसार एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्याच्या लायसन्सखाली काम करू म्हणणाऱ्यानेही जपून असावं, कारण परवाना ज्या नावावर दिला आहे त्याखेरीज दुसरं नाव वापरणं हे तो रद्द होण्याचं कारण आहे. आणि रक्षक नेमणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे बँकेच्या शाखेला, महाविद्यालयाला, दवाखान्याला, हळदीच्या गोदामवाल्याला विनंती आहे की करारावर सही करण्याआधी परवाना मागा. तो दर्शनी भागात लावणं एजन्सीला बंधनकारक आहे, तेव्हा मागण्यात संकोच कसला? त्याच्यावर मुदतीची तारीख आहे का आणि क्षेत्रात हिंगोली जिल्हा येतो का, ते वाचा. मग नोंदवहीतलं पगाराचं पान दाखवायला सांगा.